लातूरला बसायला येतोय

आमच्याकडे अमका दारू पितो असं तोंडावर कुणी म्हणत नाही. 'बसतो' म्हणतात. "संध्याकाळी बसायचं का?" असं कुणी विचारलं की कुठं आणि कशाला, हे विचारावं लागत नाही. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, आणि दहाबारा वर्षं मी नियमानं बसलो. सुरुवातीला मित्रांबरोबर, मग एकेक मित्र गळत गेला, शेवटी एकटाच. एकट्यानं बसण्याला आमच्या बोलीत वेगळा शब्द नाही. कुणी ते कबूलच करत नसल्यामुळे गरज पडली नसावी.

मुलगी अकरावीला गेली तेव्हा बायको तिला घेऊन लातूरला राहायला गेली. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास लातूरला, म्हणून आईनं पोरांबरोबर एका खोलीत शेगडी मांडून दोन वर्षं काढायची आणि बापानं गावी नोकरी करायची, ही आता मराठवाड्यातली रीतच आहे. त्यामुळे कॉलनीत कुणाला काही वावगं वाटलं नाही. खरं कारण मला बसस्टँडवर कळलं. मुलगी आत जागा धरून बसली होती. बायको एसटीच्या दारापाशी थांबून म्हणाली, "क्लास संपले की ती तिच्या कॉलेजला जाईल. मी नांदेडला परत यायचं का न्हाई, ते तुमच्यावर हाय. दोन वर्षं हायत."

मी म्हणालो, "बघू." ग्रंथालयाला नवीन कपाटं मागितली की आमचे प्राचार्य हेच उत्तर देतात.

पहिलं वर्ष बघण्यातच गेलं. दुसरं लागल्यावर मात्र मी माणूस शोधायला लागलो. बरं करणारा माणूस शोधायचा म्हणजे आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, आणि ते काम मला चांगलं जमतं. ऑटोच्या पाठीमागं जाहिरात असते, 'पेशंटला न कळवता दारू सोडवा'. हा न कळवलेला पेशंट मी एकदा होऊन गेलेलो आहे. लातूरला जाण्याआधी बायकोनं कुठूनशी एक पुडी आणून वरणात घातली होती. वरण कडू लागलं. मी विचारलं, "मेथी घातली का?" ती "हाव" म्हणाली आणि मान वळवून पातेलं घासायला लागली. पातेल्यात अजून वरण होतं. माझी दारू सुटली नाही, वरण सुटलं. तेव्हापासून कुणीही वरण वाढलं तरी मी आधी बोटाच्या टोकानं चव बघतो.

म्हणून पुडीवाले बाद. मग शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. अध्यक्षांच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्यात इतकी स्मृतिचिन्हं होती की प्रत्येकाला वर्गीकरण क्रमांक द्यावा असं माझ्या मनात आलं. अध्यक्ष स्वतःच्या कार्याबद्दल बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले, पुस्तकातले. रविवारी तुमचा सत्कार ठेवू. मोठे पाहुणे येऊन राहिलेत."

"सत्कार कशाबद्दल?"

"दारू सोडल्याबद्दल."

"अजून सुटली नाही."

"सत्कार झाला की सुटते. चार माणसांत शाल घेतलेला माणूस परत पितो का? लाजच वाटते की त्याला."

तेवढ्यात मागच्या महिन्यात शाल घेतलेले एक गृहस्थ आमच्यासाठी चहा घेऊन आले. मोठ्या अदबीनं वाकून त्यांनी कप ठेवला, आणि इलायचीचा घमघमाट सुटला. मी चहा प्यालो. चहात इलायची नव्हती. खिशात इलायची का ठेवावी लागते हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती; माझ्याही खिशात होतीच. रविवारी मी सत्काराला गेलो नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत रांगेत उभा राहिलो. डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती?" मी सांगितलं. त्यांनी कागदावर दुप्पट लिहिली. म्हणाले, "लोक निम्मीच सांगतात." हा माणूस मला पहिल्यांदा जरा बरा वाटला. त्यांनी गोळ्या दिल्या, मनानं एकदम बंद करू नका, अंग थरथरतं, फिटही येऊ शकते, दर आठवड्याला येऊन दाखवा, असं बजावलं. मग म्हणाले, "गोळ्या अंगापुरत्या. बाकीचं कुणाशी तरी बोलावं लागेल." त्यांनी नांदेडमधल्या एका समुपदेशकाचं नाव सांगितलं. तो आमच्या कार्यालयीन अधीक्षकांचा साडू निघाला. अकरा वाजता मी जे सांगेन ते एक वाजता स्टाफरूममध्ये चहाबरोबर येणार. दुसरं नाव सांगा म्हटल्यावर त्यांनी लातूरच्या एका मॅडमचा नंबर दिला.

मी फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "दर शनिवारी अकरा वाजता बसावं लागेल, सर. पाऊण तास. नियमित बसायला जमेल का?"

मला हसू आलं. म्हणालो, "बसायची सवय आहे, मॅडम. तेच तर दुखणं आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग त्याच्यावरच बोलू."

त्याच उत्साहात मी बायकोला फोन केला आणि तोंडातून तोच शब्द गेला. "शनिवारी लातूरला येतोय. अकराला एका ठिकाणी बसायचंय."

ती म्हणाली, "लातुरातबी सापडले का तुमचे? अन् सकाळी अकराला?" फोन बंद.

परत लावला. "अगं, तसलं बसणं नाही. समुपदेशक आहेत, त्यांच्याकडं बसायचंय."

"तुमचं कोणतं बसणं कसलं, मला काय म्हाईत," ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. इतक्या वर्षांत मी मीटिंगला बसलो होतो, अहवालाला बसलो होतो, ग्रंथमोजणीला बसलो होतो. इतर महाविद्यालयांत ग्रंथमोजणी वर्षातून एकदा होते. आमच्याकडे महिन्यातून दोनदा होत असे.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं. मॅडमची खोली क्लासच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याची बाटली, भिंतीवर दुधाच्या डेअरीचं कॅलेंडर. एक फोटो नाही, एक सन्मानपत्र नाही. मी विचारलं, "किती दिवसांत सुटेल?"

"सांगता येत नाही."

"पण सुटेल ना?"

"तेही मी सांगत नाही."

केंद्रातल्या कपाटाला हसणारा मी, या भिंतीवर निदान एखादी ट्रॉफी असती तर बरं, असा विचार करत बसलो. जी बाई काहीच कबूल करत नाही तिला काम येतं हे समजायचं कसं?

मग त्यांनी विचारलं, "आज घेतलीय का?"

"नाही." आणि ते खरं होतं.

"मग इलायची का खाल्लीय, सर?"

न पिता मी वास लपवत होतो. पाऊण तासातला उरलेला वेळ मी त्या एका प्रश्नावर अडखळत बोललो, आणि परतताना एसटीत मला त्या मॅडमचा भलताच राग आला.

तरी पुढच्या शनिवारी गेलो. संशय असला की माणूस खात्री करायला परत जातोच. पाचव्या शनिवारनंतर मी एकदा बसलो, जुन्या अर्थानं. सहाव्या शनिवारी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. त्या दिवशी दुपारपासून काय काय झालं ते मात्र त्यांनी तासातासानं विचारलं, आणि डॉक्टरांनाही कळवायला लावलं. रागावत नाही म्हणजे हिला फरक पडत नाही, अशी माझी एक शंका. का फारच पडतो, अशी दुसरी.

उन्हाळा जवळ आला तसा मी घायकुतीला आलो. मुलीची परीक्षा तोंडावर होती, दोन वर्षं संपत होती. मी मॅडमना म्हणालो, "बायकोला दाखवायला एक पत्र द्या. लेटरहेडवर. दारू सुटलीय म्हणून."

"तुम्ही येता, एवढं लिहून देईन. सुटली असं कुणी लिहून देत नसतं."

"नुसतं येतो म्हटल्यावर ती विश्वास ठेवणार नाही."

"मग पत्र कशाला? त्यांनाच आणा."

आणावं लागलं नाही. पुढच्या शनिवारी मी खाली उतरलो तर समोर क्लासच्या फाटकाशी, वाट बघणाऱ्या आयांमध्ये, ती छत्री घेऊन उभी होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "चौथा शनिवार हाय माझा. उतरताना पाय कसे पडतात, बघून राहिले." आणि मला तिथंच ठेवून जिना चढायला लागली. मी मागं.

वर तिनं मॅडमना सरळ विचारलं, "हे इथं काय करतात?"

"ते त्यांनाच विचारा," मॅडम म्हणाल्या.

ती माझ्याकडं वळली. मी म्हणालो, "बसतो."

ती जवळ आली. मागची दहा वर्षं ती माझ्याजवळ ज्या एका कामासाठी येत होती, त्याच कामासाठी आली. नाक पुढं केलं. थांबली. परत एकदा हुंगलं.

"इलायची न्हाई?"

"बंद केली."

"अन् ती?"

"ती पण. मध्यंतरी एकदा झाली होती. यांना माहीत आहे."

तिनं मॅडमकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खोटं बोलतोय का, यापेक्षा मी आपणहून खरं का सांगतोय, याचाच तिला जास्त संशय आला असावा. ती दारापाशी गेली आणि तिथून म्हणाली, "पुढल्या शनिवारी तिसरी खुर्ची लागंल."

मुलीची परीक्षा आटोपली आणि जूनमध्ये बायको नांदेडला आली. निम्मं सामान आणलं. शेगडी, एक गादी आणि चार भांडी लातूरलाच ठेवली, खोली सोडली नाही. "दिवाळीपर्यंत राहू द्या," एवढंच म्हणाली. खोलीची किल्ली घराच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, मला दिसेल असा. शनिवारी आम्ही दोघं एसटीनं जातो.

पहिल्या दिवशी तिनं जेवायला वाढलं. भात, त्यावर वरण. माझं बोट सवयीनं ताटाकडं गेलं आणि तिनं ते बघितलं. मी बोट मागं घेतलं नाही, चव घेतली.

"हळद जास्त झालीय," मी म्हणालो.

"हळदच हाय," ती म्हणाली, आणि दुसऱ्यांदा वरण वाढण्याच्या निमित्तानं जरा जास्तच जवळ वाकली.