स्कूटरला साधं पेट्रोल

हे गेल्यावर आठ महिने आमची स्कूटर डोंबिवलीतल्या बिल्डिंगखाली तशीच उभी होती. मला चालवता यायची, पण हे असताना मी कायम मागेच बसले. घोडबंदर रोडला राहणारी लेक म्हणाली, "आई, विकून टाक." विकायची म्हणून का होईना, ती सुरू तर व्हायला हवी. म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर साफ केला, बाटलीभर नवीन घातलं. गाडी सुरू झाली आणि मला ती एकदम विकवेना.

मी तशीच पंपावर गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "साधं की प्रीमियम?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं मी त्याच पंपावर उतरून बाजूला उभी राहिले होते, पण हे काय भरतात ते कधी पाहिलं नव्हतं. लेकीला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे गं. बाबा काय भरायचे ते मला कसं माहीत असणार?" मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला. मी न भरताच गॅरेजला गेले.

"साधंच भरा, काकू," मेकॅनिक म्हणाला. "प्रीमियममध्ये ऑक्टेन जास्त असतं, पण ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, असं नसतं. ज्या इंजिनात दाब जास्त, तिथे पेट्रोल वेळेआधी पेटू नये म्हणून ते लागतं. आपल्या छोट्या इंजिनाला साधं बास. काकांना कितीदा सांगितलं, पण ते प्रीमियमच भरायचे. दर रविवारी इथे बसून वाद घालायचे माझ्याशी. तास-दीड तास."

रविवारी हे 'हवा भरून येतो' म्हणून जायचे. घरी आले की पेपर उघडायचे. जेवण आणि औषधं सोडली तर आमच्यात बोलणं उरलं नव्हतं. मी ते त्यांच्या अबोल स्वभावावर ढकललं होतं.

"अजून काय बोलायचे?"

"गावच्या भाताच्या गिरणीबद्दल. शाळेत असताना तिचं इंजिन तेच चालू करायचे ना?"

मी मान हलवली, माहीत असल्यासारखी.

परत पंपावर जाऊन साधं भरलं. गाडी पूर्वीसारखीच चालत होती. घरी न जाता खाडीपर्यंत गेले आणि उन्हं उतरेपर्यंत एकटीच उभी राहिले.

संध्याकाळी लेकीला फोनवर गिरणीचं सांगितलं. "हो? मला पण नव्हतं माहीत," ती म्हणाली. स्कूटर विकायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.