शालिकरामचा बोलका बेडूक

सहासष्ट-सदुसष्ट साली नागपुरात एखाद्या सुनेला दिवस गेले, की ते तिच्या सासूच्याही आधी शालिकरामच्या बेडकाला कळायचं. थट्टा नाही. शालिकराम नंदनवन वस्तीपलीकडच्या डबक्यांतून बेडूक धरून एका दवाखान्याच्या लॅबोरेटरीत द्यायचा. तिथं बाईची लघवी नर बेडकाला टोचत. दिवस गेले असले की बाईच्या अंगात एक खास हार्मोन तयार होतो. त्यानं दुपारपर्यंत बेडकाचं बीज सुटायचं आणि मायक्रोस्कोपात दिसायचं. लॅबोरेटरीतल्या सुभद्राबाई "हो" म्हणाल्या, की शालिकरामची सायकल हवेत.

"अर्धा मोहल्ला माह्या बेडकानं जाहीर केला," असं तो मिशीला पीळ देत सांगे.

त्याचा स्वतःचा पाळणा मात्र रिकामा. आमच्या ओट्यावरची मंडळी सोडतात होय! "काय गा शालिकराम, बेडूक गावाले सांगते, तुलेच काहून नाही सांगत?"

अखेर सांगितलं. त्याच्या बायकोला, पंचफुलाला, दिवस गेले. शालिकरामनं संत्राबर्फी वाटली, टोमणे मारणाऱ्यांना मुद्दाम दोन-दोन तुकडे दिले. पण पोट भलतंच भराभर वाढलं, अंगावरून रक्त जाऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "हे मूल नव्हे. द्राक्षगर्भ आहे. आत द्राक्षाच्या घडासारखे नुसते फोड."

पिशवी साफ केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोडही तोच हार्मोन सोडतात, म्हणून बेडूक फसला. आता तपासण्या करत राहायचं. हळूहळू बेडकानं 'नाही' म्हणायला हवं. 'हो'च म्हणत राहिला तर रोग आत रुजला समजा. तो जिवावर उठतो."

पहिल्या तपासणीला बेडूक "हो" म्हणाला. "थोडा वेळ लागतोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण शालिकरामच्या मिशीचा पीळ सुटला. पुढच्या खेपेला तो एक गलेलठ्ठ बेडूक घेऊन आला. "यालेच टोचा, बाई."

सुभद्राबाईंनी बेडकाला काखेखाली चिमटीत धरलं. असं धरलं की नर कुरकुरतो, मादी गप्प राहते. माणसांत काय होतं ते मी सांगत नाही, आमची ही वाचते. बेडूक गप्प.

"हे तर मादी हाय, शालिकराम! इच्यात बीजच नाही, तर हे 'हो' कुठून म्हणन?"

"म्हणूनच आणली," शालिकराम खाली मान घालून म्हणाला.

बाकावर बसलेली पंचफुला उठली. "खोटं 'नाही' घेऊन मी का लोणचं घालू जी? जा, आपल्या रांजणाजवळचा तो मास्तर आणा. दिवसभर वर्ग घेऊन राहिला असते मेला."

मास्तर म्हणजे शालिकरामचा लाडका बेडूक. लॅबोरेटरीला त्यानं तो कधीच दिला नव्हता. आता ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला. हात लावताच मास्तरनं अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. टोचलं. पंचफुला फुटाणे खात बसली. शालिकराम मास्तरचं गोणपाट पुन्हा पुन्हा ओलं करत राहिला.

दुपारी सुभद्राबाईंनी मास्तरचा थेंब मायक्रोस्कोपात पाहिला. दुसरा घेतला, तोही पाहिला.

"नाही."

"नीट पाहा न बाई!"

"अगा, नाही म्हणते तुहा मास्तर! साफ नाही!"

पुढच्या सगळ्या तपासण्यांतही नाहीच आलं. दिवसच राहू नयेत म्हणून याच हार्मोनाला अडवणारी लस करता येईल का, हेही पुढं आपल्याकडची शहाणी माणसं शोधू लागली म्हणतात. मास्तरला त्याचं काय! तो रांजणाजवळ परत वर्ग घेऊ लागला.

शेवटच्या तपासणीनंतर पंचफुला स्वतः बर्फी वाटत ओट्यावर आली. मंडळींचे डोळे चमकले. "काय वं पंचफुले, बेडूक 'हो' म्हणाला वाटते?"

"नाही म्हणाला," ती म्हणाली. "मी जगली. घ्या, दोन-दोन घ्या."