निसटलेली सपात

तामू जिना चढून वर पोचली, तेवढ्यात खालून सासूबाई ओरडल्या, "अगं, तुझी एक सपात इथं पायरीवर पडलीये!"

तामूनं खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. सपात निसटलेली पायाला कळलीच नव्हती. नऊ पायऱ्या तो खुशाल चढून आला होता.

"झालं!" अल्लाल म्हणाला. मोरोक्कोतल्या फेजच्या जुन्या शहरात त्याच्या हातच्या सपातांना नाव होतं. "आता गिऱ्हाइकांना काय सांगू? माझ्या सपाता माझ्याच बायकोच्या पायात टिकत नाहीत म्हणून?"

तामू हसली. पण महिनाभर तळपायाला कापूस बांधल्यासारखं होत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? दुखत असतं तर सांगितलं असतं. हे न दुखण्याचं दुखणं होतं.

सासूबाईंना, म्हणजे लल्ला घीतांना, कारण लगेच सापडलं. "तू मोरीत उकळतं पाणी ओतलंस. बिस्मिल्ला म्हणाली होतीस का? मोरीखाली राहणाऱ्यांची पोरं भाजतात गं. मग ते पाय धरतात." जिनांचं नाव त्या तोंडानं घेत नसत.

तामूला आठवेना. म्हटलं असेल. नसेलही. रोज दहा वेळा पाणी ओतणारी बाई कुठली वेळ लक्षात ठेवणार?

तीन दिवस तिला धुरी दिली. माळ्यावरच्या खोलीत, दार-खिडकी लावून. तिची कामाची खोलीही तीच. सपातेच्या तळाला अस्तर चिकटवायचं काम तिचं. पूर्वी ती पिठाची खळ शिजवायची. ती वाळायला दिवस जायचा. गेल्या पानगळीपासून अल्लालनं डब्यातला गोंद आणला होता. चुटकीसरशी चिकटे, पण वाऱ्यानं त्यावर साय धरायची, म्हणून खिडकी कायम बंद. धुरीनंतर बोटंही बधिर झाली.

शेवटी ती सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला नाही. घोट्यापर्यंत सुई टोचलेली कळली नाही. मग त्यांनी तामूची बाही नाकाशी नेली.

"गोंद लावता? बंद खोलीत? मेंदूचा निरोप शिरांमधून जातो, बाई. पायाची शीर सगळ्यात लांब, म्हणून आधी ती थकते, मग हाताची. या गोंदाची वाफ त्या शिरांना आतून खाते."

"म्हणजे शिवायच्या दोऱ्याचं मेण गेलं की तो झिजतो, तसं?"

"तसंच. गोंद आजच सोडा. पण ऐका, सोडल्यावरही महिना-दोन महिने वाढेल. मग उतरायला लागेल."

सोडल्यावर वाढणारं दुखणं? तामूनं घरी गोंदाचं सांगितलं, हे मात्र गिळलं. तिला स्वतःलाच ते पटलं नव्हतं.

आणि दुखणं वाढलं. सहाव्या आठवड्यात चहाचा पेला हातातून सुटून फुटला. कढत चहा पायावर सांडला, तरी ती काचांकडेच बघत उभी.

"बघ!" लल्ला घीता म्हणाल्या. "गोंद सोडून काय मिळवलंस? मी सांगत होते, ते खालचेच आहेत."

"मग ईदची कामं तरी उरकू दे," अल्लाल म्हणाला. "जा वर. साठ जोड पडलेत."

तामू गेली. डबा उघडताच ओळखीचा गोड वास डोक्यात चढला. कुणाचं खरं मानायचं? बोटं तर दोघींचंही ऐकत नव्हती. मग तिच्या ध्यानात आलं: पेला फुटल्यावर लल्ला बोलल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मात्र वाढणार हे आधीच सांगून ठेवलं होतं.

झाकण बोटांनी बसेना. तिनं कोपरानं दाबलं, डबा छातीशी धरला आणि जिन्यावरून बसत बसत खाली आली.

"मी तुम्हाला एक सांगितलंच नव्हतं," ती अल्लालला म्हणाली.

सगळं ऐकून तो भडकला. "ही अशी गोष्ट पोटात ठेवतात?" मग त्याची नजर डब्यावर गेली. तो स्वतःचीच बोटं एकेक करून चिमटून पाहू लागला.

ईदला सतरा जोड कमी गेले. खळ आता लल्ला घीता ढवळत, कुरकुरत. तामू उकळतं पाणी ओतताना मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणे, हो, उगाच जोखीम कशाला? दर चार पावलांवर ती खाली बघून सपाता आहेत ना, ते पाही. उन्हाळा असाच गेला. कधी वाटे उतरतंय, कधी वाटे मनाचे खेळ.

द्राक्षं बाजारात आली, त्या सुमारास एका सकाळी ती मोरीशी अनवाणी उभी राहिली ती हलेचना.

"लल्ला, इथं माझ्या अंगठ्याखाली पाणी आहे का हो?"

सासूबाई वाकल्या. फरशीवरून हात फिरवला.

"आहे," त्या म्हणाल्या. "थेंबभर आहे."