जांभई आणि मध्यरेषा

मी आयुष्यभर खेळांचे फोटो काढले आणि त्यातल्या बहुतेक फोटोंत खेळ नाही. हॉकीच्या फोटोत चेंडू नाही. लांब उडीच्या फोटोत उडणारा नाही, नुसती उधळलेली वाळू आहे. क्रिकेटचा एक फोटो अप्रतिम स्पष्ट आलाय, त्यात यष्टिरक्षक वाकून बुटाची नाडी बांधतोय. हैदराबादला, काचीगुड्याच्या आमच्या घरात अशा अल्बमांनी एक कपाट भरलं होतं. पाहुण्यांना दाखवताना बायको सांगायची, "हे सगळं होऊन गेल्यानंतरचं आहे."

नोकरी आबिड्सला, विम्याच्या कचेरीत, मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर. आठवडाभर माणूस खरोखर मेलाय की नाही एवढंच तपासायचं. म्हणून रविवारी कुठंतरी पळणारी, धापा टाकणारी, एकमेकांवर ओरडणारी माणसं बघितली की मला बरं वाटायचं. कबड्डीच्या मैदानालगत मांडी घालून बसलं की पायांचे धपके जमिनीतून थेट आपल्या हाडांत येतात. ते मला फार आवडायचं. फोटो चांगले येत नाहीत म्हणून जायचं सोडावं, हे कधी मनातच आलं नाही.

ते दिवस देश खुला होण्याचे होते. आमच्या कचेरीत खुल्या झाल्या त्या खिडक्या, तेही पंखे बंद पडले म्हणून. बाहेर मात्र दर महिन्याला नवी कंपनी यायची आणि जिथं दोन बांबू दिसतील तिथं आपला फलक बांधायची. कुकटपल्लीला कारखान्यांच्या मागच्या मैदानावर मुलींची कबड्डी स्पर्धा व्हायची. इतकी वर्षं तिच्याकडं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या वर्षी धुण्याच्या पावडरीची एक कंपनी तिला प्रायोजक मिळाली.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी हे निवृत्त अधिकारी, भर उन्हाळ्यात ब्लेझर घालणारे. ते माझ्या टेबलापाशी आले आणि दावेदारांच्या रांगेसमोर माझ्या शर्टाला बिल्ला लावला. "मियां, इस बार तुम ऑफिशियल फोटोग्राफर."

तो बिल्ला मी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळपासून घरात लावून फिरत होतो.

"झोपताना तरी काढणार ना?" बायकोनं विचारलं.

मैदानावर पोचलो तर सेक्रेटरींनी हातात यादी ठेवली. कंपनीचे मॅनेजरसाहेब गाडीतून उतरताना. साहेबांना हार. साहेब समई लावताना. वारा होता, समई तीनदा विझली, म्हणून तिन्ही वेळा फोटो. मग प्रत्येक खेळाडूला साहेबांच्या हस्ते पावडरीचा पुडा, प्रत्येकीचा वेगळा फोटो, आणि पुड्यावरचं नाव वाचता आलं पाहिजे. छत्तीस फोटोंचा रोल. दुसरा मिळणार नव्हता.

"आणि खेळ?" मी विचारलं.

"बचा तो ले लो," सेक्रेटरी म्हणाले.

अंतिम सामना सुरू झाला तेव्हा दोन फोटो शिल्लक होते. एक मी घाईत घालवला, त्यात पंचांची पाठ आली. एका बाजूला सरकारी खात्याचा संघ, चकचकीत बूट घातलेला. दुसऱ्या बाजूला कुकटपल्लीच्या वस्तीतल्या मुली, निम्म्या अनवाणी. अगदी शेवटी वस्तीचा संघ एका गुणानं मागं होता आणि त्यांच्यातली एक किडकिडीत मुलगी चढाईला गेली. ती औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. तिनं एकापाठोपाठ दोघींना स्पर्श केला आणि चौघींनी तिला खाली पाडलं. चौघींना अंगावर घेऊन ती पोटावर सरकत मध्यरेषेकडं आली. हात लांब केला. मी बटण दाबलं.

शिट्टी वाजली. पंचांनी तिला बाद दिलं.

ती उठली आणि चुन्याच्या रेषेवरचं आपल्या बोटाचं निशाण दाखवू लागली. पंचांनी एकदा निशाणाकडं पाहिलं, एकदा साहेबांच्या खुर्चीकडं. जेवणाची वेळ टळून गेली होती. लगेच बक्षीस समारंभ सुरू झाला आणि धावपळीत ते निशाण पुसून गेलं.

पुढं आमच्या टेबलावर कामाचा असा ढीग पडला की रोल धुवायला टाकायलाच तीन आठवडे गेले. आबिड्सचा स्टुडिओवाला माझी पाकिटं नेहमी सांत्वनाला आल्यासारखा हातात द्यायचा. त्या दिवशी म्हणाला, "आज कुछ आया है आपका."

मी पोस्टाच्या पायऱ्यांवर बसून पाकीट उघडलं. तिचं मधलं बोट रेषेवर टेकलेलं होतं, नखाभोवती चुना उडालेला. पंचांची शिट्टी अजून ओठांपासून चार बोटं लांब होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी वेळेवर पोचलो होतो. कोणी पाहत नाहीसं बघून मी डोळे पुसले.

तसाच उठून मंडळाच्या कचेरीत गेलो. सेक्रेटरी आणि खजिनदार दोघंही होते. फोटो टेबलावर ठेवला.

"बघितलं? बोट," मी म्हणालो.

"बोट छोडो मियां, ये देखो!" सेक्रेटरींचं नख फोटोच्या कोपऱ्यावर होतं.

तोवर मी तिकडं पाहिलंच नव्हतं. मागं, गादीच्या खुर्चीत, कंपनीच्या फलकाखाली मॅनेजरसाहेब जांभई देत होते. साधी जांभई नव्हती ती.

"पूरा हलक दिख रा साहब का," साहेबांच्या उघड्या घशावर बोट ठेवून सेक्रेटरी हळहळले.

"दाढा मोजता येतील," खजिनदार म्हणाले. ते आपल्यातलेच, मराठी. "आणि फलक पण अर्धा कापलाय तुम्ही. हा फोटो बाहेर गेला तर पुढच्या वर्षी कंपनी येईल का?"

"पण ती पोचली होती," मी म्हणालो. "ती जिंकली होती."

"वो फैसला तो हो गया," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "निगेटिव लाके दे दो."

मी आयुष्यात कोणत्याही सेक्रेटरीला नाही म्हटलेलं नाही. फोटो उचलून घरी आलो आणि कपाळाला हात लावून बसलो. बायकोनं फोटो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"ही पोचली की," ती म्हणाली. "आणि हा कोण, दातांच्या डॉक्टरकडं आल्यासारखा?"

मी सगळं सांगितलं. तिनं निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडात धरल्या, एक उचलली आणि माझ्या हातात ठेवली. "ही द्या."

ती समईची पट्टी होती. निगेटिव्हमध्ये सगळे साहेब सारखेच काळेबेरे दिसतात. सेक्रेटरींनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, खात्री झाल्यासारखी मान हलवली आणि काडी ओढली. मैदानावर समई तीनदा विझली होती. पट्टी एका काडीत पेटली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून कुकटपल्लीच्या बसमध्ये बसलो. कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटेपर्यंत उभा राहिलो. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली, केसांवर अजून कागदी टोपी. मी पाकीट दिलं. तिनं फोटो पाहिला, पुन्हा पाहिला, मग मैत्रिणींसमोर धरला.

"बोली थी ना मैं?"

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अंकल, महीना हो गया. घर में, काम पे, सब बोलते पंच झूठ कायकू बोलेगा. मेरेकूच लगने लगा था मैं झूठी हूँ."

दाव्याच्या टेबलासमोर रडणारी माणसं मी रोज पाहायचो. ही रडत नव्हती. तेवढ्यात तिला कोपऱ्यातले साहेब दिसले आणि ती हसत सुटली. मैत्रिणी हसल्या, फाटकावरचा वॉचमन फोटो मागून घेऊन हसला.

निकाल काही बदलला नाही. चषक त्या सरकारी खात्याच्या कपाटात गेला. पुढच्या वर्षी धुण्याची पावडर आलीच नाही, कंपनीनं हैदराबादमधून गाशा गुंडाळला होता. तिच्या जागी बिस्किटवाले आले. बिल्ला एका व्हिडिओवाल्याला मिळाला आणि मी दोरीच्या बाहेर बसलो. छत्तीसच्या छत्तीस फोटो माझे होते, कुठं कॅमेरा वळवायचा ते सांगायला कोणी नव्हतं.

ती मुलगी आता वस्तीच्या संघाची कप्तान होती. उपांत्य सामन्यात ती बाद झाली, आणि या वेळी खरोखरच झाली. हरल्यावर ती येऊन माझ्या शेजारी गवतावर टेकली, गुडघा सोललेला. आयोजकांनी दिलेला पुडा तिनं दातांनी फाडला आणि माझ्यापुढं धरला. बिस्किटं चांगली होती.