टाचणीला कुणी सांगितलं नाही

नाटक कंपनीच्या कपडेपटात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच, आणि तोंडात सदा चार टाचण्या धरून बोलायची सवय. पण हात असा, की ढेरपोट्या खलनायकालाही ती राजबिंडा करून सोडी आणि विंगेत त्याच्या कानाशी म्हणे, "श्वास बेताने घ्या काका, बटणं माझी आहेत." लहानपणी रक्ताचा कॅन्सर होऊन ती वाचली होती. नव्या नटांना मंडळी कौतुकाने सांगत, "ही मरणाला चकवून आलीय." तीही मान झुकवी, टाळ्या घेतल्यासारखी.

नव्या नाटकात नायिका सात महिन्यांची गरोदर होती. नायिकाबाई तालमीत अडकलेल्या, म्हणून कापसाचं पोट टाचणीने स्वतःच्याच कमरेला बांधलं आणि आरशापुढे चालून पाहिलं. दारात दिवेवाला उभा होता. दोघांचं लग्न ठरलेलं.

"वा," तो म्हणाला. "पाठ जरा मागे टाक. हां. खरं येईल तेव्हा अशीच चालशील."

ती हसली खरी, पण गाठ सोडताना तिने मनात महिने मोजले. तिची पाळी महिनोन्‌महिने यायची नाही. आई म्हणे, अशक्तपणा आहे, नीट जेवत जा. त्याच आठवड्यात आईला न घेता, पहिल्यांदाच एकटी, ती लहानपणी उपचार झाले त्या इस्पितळात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि तिला समोर बसवलं. तेव्हाच्या औषधांनी स्त्रीबीजं बरीचशी नष्ट झाली होती. आता जवळजवळ संपलीच होती.

"वयात आल्यावर लगेच आणा, उरलीसुरली काढून साठवता येतील, असं आईंना बजावलं होतं मी. आला का नाहीत?"

घरी आई भांडी विसळत होती. टाचणीने विचारलं, तसा तिने नळ बंद केला.

"तू जगावीस, एवढंच मागितलं होतं. वर आणखी मागायला जीभ रेटली नाही. आणि चारचौघांत कळलं असतं तर तुला पत्करलं असतं कुणी?"

"मला तरी सांगायचंस."

"तू गावभर केलं असतंस. तुझ्या पोटात काही राहतं का?"

बोलून गेल्यावर आईनेच ओठ चावला.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या रंगमंचावर तिने दिवेवाल्याला सगळं सांगितलं. तो शिडीवरून उतरला, तिचा हात हातात घेतला.

"मला चालेल गं. फक्त माझ्या आईला नको कळायला. वर्ष-दोन वर्षं वाट बघतोय असं दाखवू. मग डॉक्टर करू. मग हळूहळू कळेल तिचं तिला."

"म्हणजे दर महिन्याला मी तिच्यापुढे तोंड पाडून बसायचं?"

"तुला काय जड आहे? नाटकातलीच तू."

"मी कपडे शिवते. तोंडाला रंग लावून कधी उभी राहिले नाही," ती म्हणाली. "आईला सांग, मग ये."

त्याने सांगितलं. आला नाही. पहिल्या प्रयोगाला दिव्यांपाशी दुसराच माणूस होता.

घरी आईने ताट वाढलं. लग्न मोडलं का, हे तिने विचारलंसुद्धा नाही. "बघितलंस?" एवढंच म्हणाली. आवाज ओला होता, पण आपलंच खरं ठरल्याचं समाधान त्यात लपत नव्हतं.

टाचणी ताटावरून उठली.