सावकाश डॉक्टर

सावकाश डॉक्टरांनी माझी नाडी कधीच पाहिली नाही. पंचवटीतल्या त्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा एवढंच विचारलं, "कुठे बसाल? दाराजवळ बसलात तर केव्हाही उठून जाता येईल." मी दाराजवळ बसलो.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी नाशकात आगीच्या बंबावर होतो. एका आगीत माडीवरच्या बाईचा हात माझ्या हाती आला होता, आणि सुटला. त्यानंतर घरात चूल पेटली तरी मला दरदरून घाम फुटायचा.

"सावकाश" हा शब्द सदा त्यांच्या तोंडी, म्हणून लोकांनी पाडलेलं ते नाव. चौदा सालच्या मोठ्या लढाईत ते इराकात बसऱ्याला होते; हादरलेल्या शिपायांशी बोलता बोलता ही रीत हाती लागली, म्हणत. दर गुरुवारी ते मला आगीची हकीकत पहिल्यापासून सांगायला लावत. "थांबायचा हक्क तुमचा. मी पुढे ढकलणार नाही." मी अडखळलो की म्हणत, "पाय फरशीवर टेका. गार लागते ना? आपण इथे आहोत."

चार महिन्यांनी एका सकाळी ते मला त्या जळक्या घरापुढे घेऊन गेले. मी भर रस्त्यात रडलो. ते शेजारी नुसते उभे राहिले. हळूहळू मला झोप लागू लागली.

त्याच सुमारास आम्ही बंबाचं पितळ घासत होतो. त्या आगीत माझी शिडी धरणाऱ्या काशिनाथनं विचारलं, "तू त्या वेड्यांच्या डॉक्टरकडे जातोस म्हणे. गुण येतो का रे?" बाकीचे हसले. मीही हसलो. "छे! दात दाखवायला गेलो होतो एकदा."

काशिनाथ पुन्हा पितळ घासू लागला. महिन्याभरात दुसऱ्या एका आगीत तो शिडीवर मध्येच थिजला. आम्ही खालून हाका मारत होतो. तो पडला, आणि चौथ्या दिवशी गेला.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. "तुमचा दोष नाही," असं ते म्हणतील, या आशेनं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तुम्ही खोटं बोललात, हे खरं आहे. त्यामुळे तो पडला का, हे मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. त्याच्या बायकोला सांगावंसं वाटलं तर मी बरोबर येईन."

मी दिवस ढकलत राहिलो. पुढच्या वर्षी न्यूमोनियानं डॉक्टर गेले. मग मी एकटाच काशिनाथच्या घरी वहिनींकडे गेलो आणि त्या दिवशीचं खोटं कबूल केलं.

त्या म्हणाल्या, "भावजी, ते दोनदा त्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले होते. म्हणाले, 'ओळखीचं कुणी जात असतं, तर मीही गेलो असतो.'"

मला पळून जावंसं वाटलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. मी ऐकत बसलो.