नाथसागरातलं टेकाड आणि एक सीलबंद चपटी

काकूचा फोन आला तेव्हा मी वाळूजला सेकंड शिफ्टच्या बसमध्ये होतो.

"ऐतवारी गाडी घिऊन ये. मसोबाला जायाचंय, यंदा पाळी आपली हाय." मग तिनं आवाज खाली आणला. "ह्ये आठ दिस झालं, मागच्या खोलीत कडी लावून बसतेत. इचारलं तर काय नाय म्हणतेत. मला भ्या वाटतंय बाबा."

कशाचं, ते विचारावं लागलं नाही. काकूचे 'ह्ये' म्हणजे नाना, माझे चुलते. चितेगावात राहतात. उभा जन्म दुकानांचे बोर्ड रंगवण्यात गेला आणि निम्मी कमाई दारूत. चार वर्षांपूर्वी त्यांनी ती सोडली, तेव्हापासून थेंब नाही. आता मसोबाची रीत ऐका. आमचं मूळ गाव जायकवाडी धरणाच्या पाण्यात, म्हणजे नाथसागरात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की एक टेकाड वर येतं, त्यावर शेंदूर लावलेला मसोबाचा धोंडा आहे. दरसाल भावकीतलं एक घर होडीनं तिथं जातं, नारळ फोडतं, दारूची धार सोडतं. उरलेल्यातला पहिला घोट पाळीवाल्यानं घ्यायचा, मग बाकीच्यांना द्यायचा. प्रसाद तो, त्याला नाही म्हणायची सोय नाही.

रविवारी सकाळी सहाला शहरातून निघालो. पैठण पन्नासेक किलोमीटर आहे. उन्हाळ्यात जाणार असाल तर आठच्या आत पाण्याशी पोचा, नंतर ऊन भाजून काढतं. चितेगावात नाना-काकूंना घेतलं आणि बिडकीनला बापूतात्यांना. बापूतात्या नानांचे चुलतभाऊ, भावकीच्या सगळ्या रितीभातींचे स्वयंघोषित राखणदार. धारेसाठी दारूची चपटी त्यांनीच आणली होती, फडक्यात गुंडाळून. बिडकीनलाच पोहे आणि चहा झाला. पोहे तिखट, चहा पाक. काकू नानांकडे बघत होती आणि मी रस्त्याकडे.

पैठणच्या अलीकडे उजव्या हाताला एक कच्चा रस्ता पाण्याकडे उतरतो. छोटी गाडी असेल तर शेवटचा तुकडा चालतच जा, मी गाडीच्या तळाचं चेंबर घासून घेतलं. काठावर आमचा नेहमीचा होडीवाला सुदाम उभा होता. माणशी दोनशे रुपये, जाऊन-येऊन. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तो कुणाला बसवत नाही.

यंदा काठावर एक नवा बोर्ड होता: 'होडीत, काठावर व टेकाडावर दारू पिण्यास सक्त मनाई.' पिवळ्यावर लाल, हातानं रंगवलेली टपोरी अक्षरं. फ्लेक्सच्या जमान्यात असं काही दिसतं कुठं, म्हणून मी फोटो काढला.

सुदामनं चपटीकडे बोट दाखवलं. "ती हिकडं द्या. माझ्या डब्यात ऱ्हाईल."

"आरं, देवाचं हाय ते," बापूतात्या म्हणाले.

"देवाला सोडा की धार. माणसानं घोट घ्यायचा नाय."

"दरसाली घेतो! यंदाच कुठून आला नियम?"

"कायदा जुनाच हाय तात्या. बोर्ड नवा हाय."

बापूतात्यांनी पाकिटातून दारूचा परवाना काढून नाचवला. मला वाटलं, आता सुदाम नमणार.

"त्यो घरात बसून प्यायाचा," सुदाम शांतपणे म्हणाला. "उघड्यावर चालत नाय. अन् ज्याच्या तोंडाला वास ईल, त्याला मी माघारी आणणार नाय. पवत या."

वाचकहो, हे लिहून ठेवा. परवाना असला तरी सार्वजनिक जागी पिता येत नाही. पाण्याचा काठ असो की कोकणातली चौपाटी. आणि होडीत प्यालेला माणूस एकटा बुडत नाही.

पाणी संथ होतं. चार-दोन बगळे सोडले तर पक्षी नव्हते. त्यांच्यासाठी हिवाळ्यात जा. वीस मिनिटांत टेकाड आलं. नारळ फुटला. सुदामनं चपटी नानांच्या हातात दिली. नानांनी सील तोडलं आणि वास आला तशी काकूनं माझं मनगट धरलं. नानांनी धार सोडली आणि सोडतच राहिले, बाटली पार रिकामी होईपर्यंत. मग ती झटकून सुदामला परत दिली.

"अन् प्रसाद?" बापूतात्या.

"खोबरं हाय की," नाना म्हणाले. "नियमाला काय करावं?"

येताना बापूतात्या वाटभर सुदामच्या नावानं बोटं मोडत होते. ढोरकीनला मासळी-भाकरी पोटात गेल्यावर जरा निवळले.

घरी येऊन हा लेख लिहायला बसलो तेव्हा लेखात त्याचा नंबर द्यायचा का, हे विचारायला सुदामला फोन केला. सहज म्हटलं, "यंदा फारच कडक झालात."

"होडीत मी कवाच पिऊ देत नाय," तो म्हणाला. "पर टेकाडावरचं तुमच्या नानांनी सांगितलं. म्हणले, भावकीपुढं मला नाय म्हणता येत नाय, तू म्हण. बोर्डबी त्यांनीच रंगवून आणला, आदल्या दिशी."

मी फोटो उघडला. ती अक्षरं बघत लहानाचा मोठा झालो, आणि ओळखली नाहीत! लाज वाटली. नानांना फोन करून विचारलं, लिहू का हे? ते बराच वेळ खाकरले. "लिही. पर आधी तुझ्या काकूला वाचून दाखव. मला सांगाया जमंना."

मी काकूला फोनवर सगळं वाचून दाखवलं.

"म्हंजी कडी लावून बोर्ड रंगवीत व्हते?" ती म्हणाली. "अन् मी येडी, ह्ये भाईर गेले की त्या खोलीत बाटली हुडकीत व्हते. रंगाचे डबेच घावायचे."